हिंग, हिरे आणि अ‍ॅन बेडिंगफेल्ड

वडील वारले आणि हातात ८७ पौंड, १७ शिलिंग, ४ पेन्स एवढीच पुंजी उरली, तर शहाण्या मुलीने काय करावं? साल १९२२, देश इंग्लंड. मुलीला जवळचं कुणी नाही. गावच्या डॉक्टरांनी मागणी घातली आहे. वडिलांच्या वकिलांनी लंडनमधल्या आपल्या घरी नेऊन ठेवलं आहे. कुठेतरी नोकरी बघावी, नाहीतर डॉक्टरांना होकार द्यावा, असे दोन सरळ रस्ते समोर आहेत. अ‍ॅन बेडिंगफेल्ड यातलं काही करत नाही. ती बोटीच्या कंपनीत जाऊन केपटाउनचं पहिल्या वर्गाचं भाडं विचारते. ८७ पौंड. आकडा इतका नेमका जुळल्यावर तिला त्यात विधात्याचाच हात दिसतो आणि ती तिकीट काढून मोकळी होते. तिकडे उतरल्यावर खायचं काय, परतायचं कसं, हे प्रश्न तुम्हाआम्हाला पडतात. तिला पडत नाहीत.

अ‍ॅन ही अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मॅन इन द ब्राउन सूट’ या कादंबरीची नायिका. कादंबरी १९२४ची, ख्रिस्तीबाईंची चौथी. लायब्ररीतला ख्रिस्तीचा अख्खा कप्पा फस्त करणारी माणसंही या पुस्तकापाशी आली की हात आखडता घेतात. कारण उघड आहे. यात पॉइरो नाही. मिस मार्पलचा अजून जन्म व्हायचा आहे. आणि पुढे दोनच वर्षांनी, १९२६ साली, ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ येऊन असा काही दणका देतं की त्याआधीचं सगळं उमेदवारीत जमा होतं. शिवाय ही धड रहस्यकथाही नाही. खून आहेत, चोरीचे हिरे आहेत, कटाचा गूढ सूत्रधार आहे, पण त्याहून जास्त बोट आहे, रेल्वे आहे, समुद्रावर फळीवरून घसरणं आहे आणि एक लाकडी जिराफ आहे. खुनी कोण याचा विचार वाचक मधूनमधून करतो, बहुतेक वेळ अ‍ॅनच्या मागे धापा टाकत पळत असतो.

तिचे वडील प्रोफेसर होते. आदिमानव हा त्यांचा विषय, आणि जिवंत माणसांपैकी कुणाशी त्यांचं फारसं जमत नसे. घरात गारगोटीची हत्यारं आणि कवट्यांची चर्चा, दाराशी उधारी मागणारे दुकानदार. त्या दुकानदारांना तोंड द्यायचं काम अर्थात मुलीकडे. या मुलीचं खरं शिक्षण झालं ते गावच्या सिनेमागृहात. तिथे दर आठवड्याला ‘द पेरिल्स ऑफ पामेला’ नावाच्या मालिकेचा नवा भाग लागे. पामेला विमानातून पडते, पाणबुडीत अडकते आणि पुढच्या आठवड्यात केससुद्धा न विस्कटता हजर होते. (खरोखरची मालिका ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’, १९१४ची, पर्ल व्हाइट या नटीने तिच्यातून पडून, बुडून, लटकून नाव कमावलं. ख्रिस्तीने तिची पामेला केली.) तेव्हा लंडनच्या हाइड पार्क कॉर्नर स्टेशनावर अ‍ॅनच्या डोळ्यांदेखत एक माणूस कुणाला तरी बघून दचकतो, मागे सरतो आणि विजेच्या रुळावर पडून मरतो, एक डॉक्टर पुढे होऊन त्याला तपासतो आणि घाईने निघून जाताना त्याच्याकडून एक चिठ्ठी पडते, त्या क्षणी अ‍ॅनला काय वाटलं असेल हे सांगायलाच नको. पुढचा भाग लागला! चिठ्ठीला डांबरगोळ्यांचा वास येतो, तिच्यावर काही आकडे आणि एका बोटीचं नाव. डॉक्टर तोतया होता हे तिच्या लक्षात येतं, कारण हृदय कुठल्या बाजूला असतं ते त्याला माहीत नव्हतं. मग ती काय करते? ज्या घरी आश्रय मिळाला आहे तिथल्या तबकातून एका उमरावाचं भेटकार्ड उचलते, ते दाखवून एका बड्या वृत्तपत्राच्या मालकाच्या घरात घुसते आणि मला बातमीदार म्हणून घ्या असं त्याला तोंडावर सांगते. कार्डाबद्दल तिला जराही अपराधी वाटत नाही. वाचणाऱ्यालाही वाटत नाही, हे कबूल करायला हवं.

मग बोट. कादंबरीत तिचं नाव ‘किल्मॉर्डन कॅसल’. अ‍ॅनला पहिल्या दिवसापासून बोट लागते. साहसाच्या शोधात निघालेली नायिका तीन-चार दिवस केबिनमध्ये उताणी पडून आता मरण आलं तर बरं असं म्हणते आहे, हे दृश्य मला फार आवडतं. पामेलाला कधी ओकारी आली नव्हती. सिनेमातून उचललेल्या स्वप्नाला ख्रिस्ती पहिला चिमटा घेते तो इथे. हा अनुभव तिचा स्वतःचाच होता. १९२२च्या जानेवारीत ती नवऱ्याबरोबर याच मार्गाने निघाली तेव्हा तिला बोट इतकी लागली, की मदिरा बेटावर उतरूनच जावं असं तिच्या मनात आलं होतं.

आणि मग तो हिंगाचा प्रसंग. सतरा नंबरच्या केबिनवर एकाच वेळी तिघे हक्क सांगतात: अ‍ॅन, एक पाद्री आणि एका खासदाराचा सेक्रेटरी. अ‍ॅन हटत नाही आणि केबिन पटकावते. थोड्याच वेळात तिथे असह्य घाण सुटते. उंदीर मेला असावा, नाहीतर त्याहून भयंकर काहीतरी. दुसरी मुलगी नाक दाबून केबिन बदलून घेईल. अ‍ॅन विचार करते. युद्धाच्या काळात तिने थोडे दिवस इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलेलं असतं, खुद्द ख्रिस्तीसारखंच, आणि तिथली घाणेरडी औषधं तिच्या नाकात बसलेली असतात. तिला वास ओळखता येतो. हिंग! तिला हुसकून लावायला कुणीतरी केबिनमध्ये हिंग ठेवलेला असतो.

इंग्लंडमधल्या वाचकाच्या अंगावर इथे शहारा येत असणार. मराठी वाचक मात्र चक्क पुस्तक मिटून हसतो. कोट्यवधी रुपयांच्या हिऱ्यांसाठी माणसं मारणारी आंतरराष्ट्रीय टोळी, आणि तिच्या भात्यातलं जालीम अस्त्र काय, तर आमच्या वरणाची फोडणी! सदाशिव पेठेतल्या कुणा नायिकेला त्या केबिनमधून असं हलवता आलं नसतं. उलट तिला भूक लागली असती. एकाला बाहेर काढणारा तोच वास दुसऱ्याला पाटावर बोलावतो, हे त्या खलनायकाच्या हिशेबात नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. त्याच्या जगात पहिल्या वर्गाच्या केबिनमध्ये आपल्यातलं कुणी असणारच नव्हतं. तो मुद्दा पुढे येतोच आहे.

आधी अ‍ॅनच्या मतांचं बघू. या मुलीच्या धाडसाला तोड नाही, पण ती लग्न या विषयावर बोलायला लागली की पुस्तक खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटतं. तिचं म्हणणं साधारण असं: आवडत्या माणसासाठी नावडत्या गोष्टी करण्यात बाईला जेवढं सुख असतं तेवढं दुसऱ्या कशातच नसतं, आणि बाई जितकी हट्टी तितकं हे सुख मोठं. बाईला तिच्यावर हुकमत गाजवणारा पुरुष आवडतो. फक्त तिच्या त्यागाचं कौतुक व्हायला हवं. पुरुष नमतं घेतात, नाहीतर कौतुक करायचं विसरतात, म्हणून संसार बिघडतात. आणि तिच्या स्वप्नातला पुरुष? ऱ्होडेशियाच्या रानातला, कठोर, मितभाषी, उन्हाने रापलेला. तो तिला भेटतो. तिच्याशी बोलतो तेव्हा बहुतेक वेळा खेकसतो. तिला ते भारीच आवडतं. आदिमानवाच्या अभ्यासकाची मुलगी अखेर गुहेतल्या माणसाच्याच प्रेमात पडावी, हा विनोद ख्रिस्तीने जाणूनबुजून केला असावा असा मला दाट संशय आहे.

हे वाचून आजची पंचविशीतली मुलगी भडकते. भडकायलाच हवं. पण मतं बाजूला ठेवून अ‍ॅन प्रत्यक्षात करते काय, याचा जमाखर्च मांडला तर वेगळंच चित्र दिसतं. गावच्या डॉक्टरला ती नाही म्हणते. पुढे आफ्रिकेत कर्नल रेससारखा रुबाबदार, पैसेवाला, सरकारी गुप्त कामं करणारा माणूस मागणी घालतो, त्यालाही नाही. खासदार सर युस्टेस पेडलर, त्यांनाही नाही. कोंडून ठेवलं तर ती काचेच्या तुकड्याने दोर कापते. व्हिक्टोरिया धबधब्याजवळ रात्री फसवून कड्यावरून पाडली जाते; हाडं जुळली-न जुळली की पुन्हा माग काढायला निघते. नको तिथे नको त्या वेळी एकटी जाण्याचा मूर्खपणा तर ती वारंवार करते, आणि आपण मूर्खपणा केला हेही स्वतःच सांगते. कुणाची हुकमत तिने कुठे मानली, हे पानं उलटून शोधावं लागतं. ज्याच्यावर प्रेम बसलं त्याने निघून जा म्हटलं, तरी ती जात नाही.

अशा बायका आपल्याला नवीन आहेत का? आमच्या माहितीतल्या एक काकू कुठल्याही प्रश्नावर ‘यांना विचारून सांगते’ म्हणत. सोफा कुठला, सून कुठली, गावाकडची जमीन ठेवायची की विकायची, सगळं ‘यांना’ विचारून. आणि काकांना या गोष्टी कळत त्या जेवताना, आमटी वाढता वाढता, झालेल्या घटना म्हणून. काकूंच्या तोंडी जे तत्त्वज्ञान होतं ते त्यांच्या आईकडून आलेलं होतं. वागणं मात्र स्वतःचं. अ‍ॅनचंही तसंच. तिची मतं उसनी आहेत, त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतून आणि सिनेमातून आणलेली. पण ८७ पौंड तिचे स्वतःचे आहेत आणि ते कसे उडवायचे हे तिने कुणाला विचारलेलं नाही. तोंडाने पतिव्रता आणि पायाला भिंगरी! आपल्याकडे उलट प्रकार जास्त पाहायला मिळतो. बोलणं क्रांतीचं आणि वागणं आजोबांचं. त्यापेक्षा अ‍ॅन परवडली.

तरी ते भाषण वाचताना आता एक बारीक कळ येते, कारण लिहिणारीचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. नवऱ्याने हुकमत गाजवावी आणि मग बायकोचं कौतुक करावं हे लिहिलं तेव्हा ख्रिस्ती तेहतीस वर्षांची होती आणि आर्ची ख्रिस्ती हा तिचा आवडता नवरा होता. १९२६ साली त्याने दुसऱ्या बाईसाठी घटस्फोट मागितला. १९२८ साली तो झाला. त्याच वर्षी शरद ऋतूत तिने वेस्ट इंडिजची तिकिटं काढली होती. एका जेवणाच्या वेळी कुणीतरी बगदादचं वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने ती तिकिटं बदलून घेतली आणि ओरिएंट एक्स्प्रेसने एकटी बगदादला निघाली. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. हे करणारी बाई कोण होती? अ‍ॅनच. भाषणातली नव्हे, तिकीट काढणारी.

या पुस्तकाच्या जन्माची हकिकतही पुस्तकाइतकीच मजेची आहे. १९२४ साली लंडनजवळ वेम्ब्लीला ब्रिटिश साम्राज्याचं प्रचंड प्रदर्शन भरायचं होतं. त्याची जाहिरात करायला मेजर बेल्चर नावाचे गृहस्थ साम्राज्याच्या दौऱ्यावर निघाले आणि आर्चीला हिशेबनीस म्हणून बरोबर घेतलं. अगाथाही निघाली. लहानग्या मुलीला आईच्या आणि बहिणीच्या हवाली करून दहा महिने जगप्रवास. त्या काळी यावर शेजारीपाजारी काय म्हणाले असतील याची कल्पना करायला आपल्याला जड जात नाही. बेल्चरसाहेबांनी पहिल्या महायुद्धात बटाट्यांच्या पुरवठ्याचे नियंत्रक म्हणून काम केलं होतं, आणि ख्रिस्तीच्या आठवणीप्रमाणे त्या काळात बटाटे बघायला मिळत नसत. बढाईखोर, चिडके, खादाड, हाताखालच्यांना राबवणारे, तरीही ज्यांच्यावर रागावून राहता येत नाही असे हे गृहस्थ. त्यांची इच्छा एकच: तुझ्या पुढच्या पुस्तकात मला घाल. आणि घालायचंच तर मरणाऱ्याच्या जागी नको, मारणाऱ्याच्या जागी घाल! ख्रिस्तीला ते जमेना. शेवटी आर्चीने तोड सुचवली की त्यांना ‘सर’ करून टाक, खूश होतील. असे सर युस्टेस पेडलर जन्माला आले. कादंबरी दोन आवाजांत चालते, एक अ‍ॅनचा आणि दुसरा सर युस्टेस यांच्या डायरीचा. ही डायरी म्हणजे आळशी, मिश्कील, सुखलोलुप माणसाचं आत्मचरित्र आहे. सेक्रेटरी फार कामसू म्हणून वैतागलेला मालक इंग्रजी विनोदी वाङ्मयात बरेचदा भेटतो. इतका गोड क्वचित. आता बेल्चरसाहेबांची इच्छा कितपत पूर्ण झाली ते मात्र मी सांगणार नाही. रहस्यकथेवर लिहिताना शेवट फोडणाऱ्याला त्याच बोटीवरून समुद्रात ढकलावं, अशा मताचा मी आहे.

‘इव्हनिंग न्यूज’ने ही कादंबरी क्रमशः छापायला घेतली आणि ५०० पौंड दिले. नाव बदलून ‘अ‍ॅन द अ‍ॅडव्हेंचरस’ केलं. ख्रिस्तीच्या मते याहून बावळट नाव मिळणं कठीण होतं, पण ५०० पौंडांसमोर तिने तोंड मिटून घेतलं. त्या पैशांतून आर्चीच्या सल्ल्याने मोटार आली, करड्या रंगाची मॉरिस काउली. म्हातारपणी आयुष्यातले दोन मोठे थरार कोणते हे सांगताना तिने एकीकडे बकिंगहॅम राजवाड्यात राणीबरोबर जेवण ठेवलं आणि दुसरीकडे ही मोटार.

आता त्या बोटीकडे परत जायला हवं. ‘किल्मॉर्डन कॅसल’ हे नाव ख्रिस्तीने फार डोकं खाजवून काढलेलं नाही. ती स्वतः ज्या बोटीने गेली तिचं नाव होतं ‘किल्डोनन कॅसल’. हे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या डोक्यात घंटा वाजेल. १३ नोव्हेंबर १९०९ रोजी याच बोटीवर मोहनदास गांधी नावाचे बॅरिस्टर लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परत निघाले होते. लंडनमधल्या क्रांतिकारक हिंदी तरुणांशी झालेले वाद डोक्यात ताजे होते. त्याआधी तीन आठवडे दसऱ्याच्या मेजवानीला ते आणि सावरकर एकाच व्यासपीठावर बोलले होते. बोटीवर त्यांनी बोटीचेच कागद घेतले आणि दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. उजवा हात दुखला की डाव्या हाताने. त्यांना बोट लागल्याचं ऐकिवात नाही.

त्याच डेकवर, बारा वर्षांच्या अंतराने, ही दोन पुस्तकं! एक तिथे लिहिलं गेलं, दुसऱ्याचं बी तिथे पडलं. ‘हिंद स्वराज’मध्ये आधुनिक सुधारणेने देश नासवला म्हणून ज्यांच्यावर हल्ला आहे त्यांत रेल्वे, वकील आणि डॉक्टर ही तीन ठळक नावं. अ‍ॅनची गोष्ट सुरू होते ती कशी? वकिलाच्या घरात राहणारी मुलगी, रेल्वेच्या फलाटावरचा मृत्यू, आणि तोतया डॉक्टर. गांधींनी हे वाचलं असतं तर बाकी पुस्तक मिटून पहिली तीन-चार प्रकरणं पुराव्यादाखल पुढे केली असती.

आणि जुनाट मतांचं म्हणाल तर त्या बोटीवर ती दोन्हीकडून चढलेली आहेत. ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी ब्रिटिश पार्लमेंटला वांझेची आणि वेश्येची उपमा दिली. पुढे एका इंग्रज मैत्रिणीने नापसंती दाखवली, तेव्हा पुस्तकातला ‘वेश्या’ हा एकच शब्द काढायला आपण तयार आहोत असं त्यांनी जाहीर केलं, वांझपण राहिलंच. ख्रिस्तीला अ‍ॅनचं ते भाषण काढायला कुणी मैत्रिणीने सांगितलं नसावं. थोर ग्रंथ असो की करमणुकीची कादंबरी, ज्या ओळींवर आपण आज अडखळतो त्या लिहिताना लिहिणाऱ्याचा हात जराही थबकलेला नसतो. आपलेही हात सध्या कशावर थबकत नसतील, देव जाणे.

अ‍ॅनच्या लग्नविषयक मतांवर हसता येतं, कारण ती स्वतःच ती खोटी पाडत असते. आफ्रिकेबद्दल तसं नाही. कादंबरीतला देश सुंदर आहे. केपटाउनचा टेबल माउंटन बोटीवरून दिसतो तेव्हा अ‍ॅनच्या घशाशी आवंढा येतो, म्युझेनबर्गच्या लाटांवर फळीवरून घसरताना ती आधी संतापते आणि मग वेडीपिशी होते. ते सगळं अनुभवाचं आहे, ख्रिस्तीने तिथे खरोखर फळी धरली होती. पण या देशात माणसं गोरी आहेत आणि बाकीचे देखाव्याचा भाग. हमाल, नोकर, आगगाडीच्या खिडकीशी लाकडी प्राणी विकायला येणारे. अ‍ॅन त्यांच्याकडून घासाघीस करून जिराफ घेते. जिराफाला पुढे कथानकात महत्त्वाचं काम मिळतं, विकणाऱ्याला नाही. धबधब्याजवळच्या बेटावर अ‍ॅनची शुश्रूषा करणारी म्हातारी तेवढी नाव घेऊन येते आणि जवळजवळ न बोलता जाते. त्यांच्यासाठी वापरलेले काही शब्द आज छापताना प्रकाशक घाम पुसेल.

कथेच्या उत्तरार्धात जोहान्सबर्गला संप आणि गोळीबार चालू होतो. तो संप खरा आहे. खाणमालकांनी गोऱ्या कामगारांच्या जागी कमी पगारावर काळे कामगार घ्यायचं ठरवलं, १९२२च्या सुरुवातीला गोरे खाणकामगार संपावर गेले, मार्चमध्ये उघड बंड झालं आणि जनरल स्मट्स यांनी विमानं आणि तोफा वापरून ते चिरडलं. सुमारे २०० माणसं मेली. ख्रिस्ती त्या दिवसांत दक्षिण आफ्रिकेतच होती. गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी जगातल्या कामगारांनो एक व्हा, अशी विचित्र आरोळी या संपात उठली होती. कादंबरीत हे काही नाही. तिथे बंडामागे शस्त्रं विकणारा एक गूढ सूत्रधार आहे, आणि ज्यांच्या मजुरीवरून सगळं पेटलं ते काळे कामगार कुठेच नाहीत. मला अ‍ॅनचं सगळं माफ आहे. हे होत नाही. बातमीदार व्हायला निघालेली मुलगी होती ती. वृत्तपत्राच्या मालकाच्या घरात घुसलेली. तिने फलाटावर उतरून एका तरी माणसाला विचारायला हवं होतं.

कवट्यांचं राहिलंच. वडिलांमुळे अ‍ॅनला माणसांची डोकी लांबट की रुंद हे न्याहाळायची सवय आहे. टोपी, दाढी, चष्मा यांनी चेहरा बदलता येतो, डोक्याची ठेवण बदलता येत नाही, हे तिचं शास्त्र तपासात कामाला येतं. पुढे तिला मुलगा होतो तेव्हा सुझान ब्लेअर ही तिची बोटीवरची मैत्रीण अभिनंदनाच्या तारेत बाळाच्या डोक्याचा आकार विचारते आणि अ‍ॅन एका शब्दात फणकाऱ्याने उत्तर पाठवते. विनोद फक्कड आहे. पण या डोकी मोजण्याने त्या काळात भलतीच उलथापालथ केली होती. आपल्याकडे रिस्ली नावाच्या साहेबाने नाकं मोजून जातींची उतरंड लावली आणि १९०१ची जनगणना त्याच्याच हाताखाली झाली. जर्मनीत ऑयगेन फिशर याने आफ्रिकेतल्या मिश्र वस्तीचा अभ्यास करून वंशशुद्धीचे सिद्धांत मांडले.

आणि अ‍ॅनची गोष्ट छापून चार-पाच वर्षं होतात न होतात तोच त्या फिशरच्या हाताखाली बर्लिनला एक मराठी बाई कवट्या मोजत बसली होती. इरावती कर्वे. मुंबईहून बोटीने गेलेल्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे असं फिशरला दाखवायचं होतं; इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून टाकलं. परत येऊन पुण्यात स्कूटर चालवली, नवऱ्याला ‘दिनू’ अशी नावाने हाक मारली, आणि ललित निबंध लिहिले, ज्यांच्यापुढे प्रस्तुत लेखकाने मान खाली घालून बसावं.

म्हणून माझी एक अवाजवी इच्छा आहे. ख्रिस्तीने कर्नल रेसला आणखी तीन पुस्तकं दिली, ‘डेथ ऑन द नाइल’सह, अ‍ॅनला एकही दिलं नाही. एखादं द्यायचं होतं. त्यात पुन्हा बोट असावी, शेजारच्या केबिनमध्ये बर्लिनहून परतणाऱ्या इरावतीबाई असाव्यात, आणि डेकवर दोघींचा डोक्यांच्या आकारावरून वाद जुंपावा. मग अ‍ॅनने ओघात हुकमत गाजवणाऱ्या नवऱ्यांचं ते भाषण सुरू करावं. पुढे काय होईल ते सर युस्टेस यांनी आरामखुर्चीतून बघून डायरीत टिपून ठेवावं. आणि त्या रात्री कुणी इरावतीबाईंच्या केबिनमध्ये हिंग ठेवलाच, तर त्यांनी तो पुडीत बांधून ट्रंकेत टाकला असता. परदेशात चांगला हिंग मिळतो कुठे?